पॅचच्या दोन दिवस आधी विकलेला डेक आणि न मिळालेला परतावा

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ताज्या बॅलन्स पॅचमुळे (कार्डांची ताकद कमीजास्त करणाऱ्या बदलामुळे) निकामी झालेल्या डेकची (तीस कार्डांच्या संचाची) भरपाई, बंडलची (दुकानात विकलेल्या तयार डेकची) रक्कम आणि पॅच नोट्समधील त्रुटी यांबाबत तक्रार.

महोदय / महोदया,

जळगाव, भुसावळ, अमळनेर, शिरपूर, शहादा या भागांत आपला डिजिटल कार्ड गेम स्पर्धेसाठी खेळणारे आम्ही खेळाडू हे पत्र एकत्र मिळून लिहीत आहोत. ॲपमधल्या मदत विभागात याच बाबींवर आमच्यापैकी अनेकांनी तिकिटे (तक्रारीच्या नोंदी) टाकली. प्रत्येकाला एकच छापील उत्तर आले आणि तिकीट बंद झाले. म्हणून आता आपल्या नावे रीतसर लेखी तक्रार करत आहोत.

सुरुवातीलाच सांगतो, नर्फला, म्हणजे कार्ड कमजोर करण्याला, आमचा विरोध नाही. स्पेल (मंत्राचे कार्ड) दोनदा चालवणारा तो कॉम्बो डेक (ठरावीक कार्डांच्या जोडीवर जिंकणारा) लॅडरवर (क्रमवारीच्या सामन्यांत) फार जोरात चालला होता आणि त्याला आवर घालणे गरजेचे होते, हे आम्हाला मान्य आहे. आमची तक्रार नर्फ ज्या पद्धतीने केला, ज्या वेळी केला आणि त्याची किंमत ज्यांच्यावर टाकली, त्याबद्दल आहे.

आधी बदल नेमका काय झाला ते पाहा. ‘या टर्नमध्ये तुमचा पुढचा स्पेल दोनदा चालतो’ हे एपिक कार्ड (कार्डांचे दर्जे चढत्या क्रमाने रेअर, एपिक, लेजेंडरी) ४ मानाचे होते, ते आपण ५ मानाचे केले. माना म्हणजे कार्ड खेळण्यासाठी लागणारी, टर्नगणिक (पाळीगणिक) वाढत जाणारी शक्ती. कागदावर हा फरक एका मानाचा दिसतो. पण या कार्डाचा सगळा उपयोग ६ मानाच्या लेजेंडरी स्पेलसोबत होता. ४ आणि ६ मिळून १०, आणि आपल्या खेळात एका टर्नला १० पेक्षा जास्त माना मिळत नाही. आता बेरीज ११ होते. कॉम्बो एक टर्न उशिरा होईल असे नाही, तो कधीच होणार नाही. स्पेलची किंमत कमी करणारे दुसरे कोणतेही कार्ड सध्याच्या स्टँडर्ड संचात (स्पर्धेत चालणाऱ्या कार्डांत) नाही, त्यामुळे वळसा घालून जाण्याचीही वाट उरलेली नाही. त्या स्पेलचे ८ डॅमेज ७ केले असते तर दोन वेळा मिळून १६ चे १४ झाले असते. समोरच्याला दोन हेल्थची उसंत मिळाली असती, डेक कमजोर झाला असता, पण खेळण्याजोगा राहिला असता. मानाच्या कमाल मर्यादेला टेकलेल्या कार्डाची किंमत वाढवणे आणि मध्यातल्या एखाद्या कार्डाची वाढवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. बॅलन्सचे काम करणाऱ्यांना हे ठाऊक असणारच.

परताव्याचा प्रश्न इथूनच सुरू होतो. बदललेले कार्ड सात दिवसांत तोडल्यास (क्रिस्टल या खेळातल्या चलनात मोडल्यास) बनवण्याची पूर्ण किंमत आपण परत देता. एपिकचे ४८० क्रिस्टल, दोन प्रतींचे ९६०. तेवढे मिळाले, त्याबद्दल वाद नाही. पण या डेकमध्ये केवळ त्या कार्डासाठी ठेवलेली आणखी नऊ कार्डे आहेत : तो लेजेंडरी स्पेल, महागडे स्पेल शोधून हातात आणणारी दोन प्रकारची एपिक कार्डे प्रत्येकी दोन, आणि दहाव्या टर्नपर्यंत तग धरण्यासाठीची दोन प्रकारची रेअर कार्डे प्रत्येकी दोन. बनवण्याची किंमत १६०० अधिक १९२० अधिक ४८०, म्हणजे ४००० क्रिस्टल. या कार्डांच्या मजकुरात आपण एक अक्षर बदलले नाही, म्हणून त्यांच्यावर परतावा नाही. ती तोडली तर पाव किंमत मिळते, म्हणजे १०००. उरलेले ३००० क्रिस्टल बुडाले. रोजची कामगिरी पूर्ण करून दिवसाला साधारण ६० क्रिस्टल जमतात, त्या हिशोबाने ही ५० दिवसांची कमाई आहे. आमच्याकडे केळीच्या झाडाला घडाचा भार पेलावा म्हणून बांबूचा टेकू देतात. कुणी टेकू काढून नेला आणि आडव्या झालेल्या झाडाच्या मालकाला फक्त बांबूचे पैसे दिले, तर त्याला भरपाई म्हणता येणार नाही.

डेक ‘अपडेट’ करा, असा सल्ला आपल्या छापील उत्तरात आहे. तीसपैकी अकरा कार्डे काढावी लागतात. त्या अकरा जागा भरायला हाती येतात ९६० आणि १००० मिळून १९६० क्रिस्टल. एक लेजेंडरी बनवली की ३६० उरतात, त्यात तीन रेअर येतात. चार जागा भरल्या, सात रिकाम्या. शिवाय कार्डे कशीही भरून चालत नाही. काढलेल्या कार्डांत दोन मानाची कार्डे बरीच होती. तीस कार्डांत दोन मानाची सहा असतील, तर पहिल्यांदा खेळताना दुसऱ्या टर्नपर्यंत पाहिलेल्या पाच कार्डांत त्यातले एक तरी येण्याची शक्यता मलिगन (सुरुवातीची कार्डे बदलून घेण्याची सोय) न धरता ७० टक्के असते. चारच उरली तर ती ५४ टक्क्यांवर येते. म्हणजे जवळजवळ निम्म्या सामन्यांत दुसरा टर्न रिकामा जाणार आणि अग्रो (सुरुवातीपासून झपाट्याने हल्ला करणाऱ्या) डेकसमोर तिथेच सामना हातातून सुटणार. याला आम्ही अपडेट म्हणू शकत नाही. हा नव्याने बांधायचा डेक आहे.

आता सर्वांत गंभीर बाब. हाच डेक, याच तीस कार्डांसह, ‘स्पर्धेसाठी तयार’ असे लिहून आपण दुकानात ७९९ रुपयांना विकत होता, आणि पॅच येण्याच्या दोन दिवस आधीपर्यंत विकत होता. पॅच दोन दिवसांत तयार होत नाही. बदल ठरतो, तपासला जातो, मग ॲप स्टोअरकडे मंजुरीला जातो. म्हणजे बंडल विकले जात असताना त्यातला मुख्य दुवा तुटणार आहे हे कंपनीला माहीत होते आणि घेणाऱ्याला नव्हते. त्याहून वाईट म्हणजे बंडलमधून आलेल्या प्रती ‘न तुटणाऱ्या’ आहेत. ज्यांनी क्रिस्टल साठवून कार्डे बनवली त्यांना ९६० तरी मिळाले. ज्यांनी रोख पैसे मोजले त्यांच्या खात्यात शून्य आले. प्रती तुटणार नाहीत ही अट खरेदीच्या पानावर नाही. खरेदी झाल्यानंतर कार्ड उघडून दाबून धरल्यावर ती दिसते.

परताव्याची मुदत सात दिवसांची आहे आणि ती अपुरी का पडते, हे जरा सविस्तर सांगणे भाग आहे. नर्फनंतर एखादे कार्ड ठेवावे की तोडावे हे सामने खेळल्याशिवाय कळत नाही. वीस सामन्यांत बारा जिंकले तर ६० टक्के दिसतात, पण इतक्या कमी सामन्यांत खरा आकडा ४० पासून ८० पर्यंत कुठेही असू शकतो. शंभर सामने खेळले तरी दहा टक्के इकडेतिकडे होतातच. एक सामना सरासरी आठ मिनिटांचा धरला तर शंभर सामने म्हणजे तेरा तासांहून अधिक, आणि तेही एकाच डेकसाठी. त्यातच पॅचनंतरच्या पहिल्या आठवड्यात लॅडरवर सगळेच प्रयोग करत असतात. त्या दिवसांतले निकाल पुढच्या मेटाबद्दल (कोणते डेक जास्त चालतात त्याबद्दल) फारसे काही सांगत नाहीत. मेटा स्थिर होण्याआधीच आपली मुदत संपते. मुदत संपण्याची वेळही बॅनरवर ‘सकाळी १०, पॅसिफिक टाइम’ एवढीच होती. अमेरिकेत उन्हाळी वेळ सुरू असताना ती आपल्याकडे रात्रीचे साडेदहा असते, हिवाळ्यात साडेअकरा. शेवटच्या तारखेला रात्री बारापर्यंत वेळ आहे असे समजून बसलेल्यांचा परतावा गेला. फोनला भारतीय वेळ माहीत असते. बॅनरवर ती दाखवणे अवघड नाही.

पॅच नोट्सबद्दल. पाच कार्डांसमोर फक्त ‘आकडे समायोजित केले’ असे लिहिले आहे. जुना आकडा नाही, नवा नाही. त्यातल्या दोन मानाच्या एका युनिटची (मैदानात लढणाऱ्या पात्राची) हेल्थ ३ वरून २ झाली आहे. स्पर्धेत खेळणाऱ्याला हे कळणे अत्यावश्यक आहे, कारण एक मानात दोन डॅमेज करणारा स्पेल जवळजवळ प्रत्येक कंट्रोल (सामना लांबवून जिंकणाऱ्या) डेकमध्ये असतो. तीन हेल्थचे युनिट त्यातून वाचून तिसऱ्या टर्नला हल्ला करत होते, दोन हेल्थचे तिथेच मरते. दुसऱ्या एका कार्डाचा तर नोट्समध्ये उल्लेखच नाही. ते आधी प्रत्येक स्पेलनंतर एक कार्ड ओढून देत असे, आता टर्नमध्ये एकदाच देते. हा बदल चालू सामन्यात लक्षात आला. दोन्हींचे स्क्रीन रेकॉर्डिंग आणि सामन्यांचे रिप्ले क्रमांक सोबत जोडले आहेत.

हिंदी भाषेतील क्लायंटमध्ये (फोनवरच्या ॲपमध्ये) वर सांगितलेले एपिक कार्ड आजही ४ मानाचे लिहिलेले दिसते. सर्व्हर मात्र ५ माना कापतो. मराठी भाषा आपण दिलेली नसल्यामुळे इकडचे बरेच खेळाडू हिंदीत खेळतात. चौथ्या टर्नला कार्ड उचलून टाकायला जावे तर ते परत हातात येते, कारण कळत नाही आणि टर्नची वेळ संपते. सर्व्हरवरचे आकडे बदलले आणि भाषेच्या फाइली नव्या आवृत्तीत घालायच्या राहिल्या, असे यामागचे कारण दिसते. त्यात दीड जीबीच्या रोजच्या डेटा पॅकवर १.४ जीबीचा पॅच सक्तीने उतरवावा लागला. इतके उतरवूनही मजकूर जुनाच निघावा, हे आम्हाला फार खटकले.

डेक कोडचीही (डेकची यादी एकमेकांना देण्याच्या छोट्या कोडची) अडचण आहे. कोडमध्ये कार्डांचे क्रमांक आणि प्रतींची संख्या एवढेच साठवलेले असते, पॅचची आवृत्ती नसते. त्यामुळे पॅचपूर्वीचा कोड टाकला तरी डेक बिनतक्रार उघडतो आणि मरण पावलेल्या कॉम्बोची सूचना कुठेच मिळत नाही. नवख्या खेळाडूंनी असे जुने कोड टाकून उरलेसुरले क्रिस्टलही त्याच कार्डांवर घालवले. ‘या डेकमधील अमुक कार्डे अमुक पॅचमध्ये बदलली’ अशी एक ओळ दाखवली तरी हे टळले असते.

शेवटी स्पर्धांबद्दल. पॅच गुरुवारी रात्री आला. त्या रविवारी जळगावात समोरासमोर बसून खेळायची सांघिक स्पर्धा होती आणि डेकच्या याद्या बुधवारी बंद झाल्या होत्या. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरचे संघ सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीने येतात, त्यांची तिकिटे काढून झाली होती. याद्या पुन्हा उघडाव्यात तर सरावाला दोन दिवस, न उघडाव्यात तर निम्म्या संघांचा एक डेक मेलेला. आयोजकांनी याद्या उघडल्या. त्यांचा दोष नाही. आपण पॅचचा दिनांक दहा दिवस आधी सांगितला असता तर स्पर्धा एक आठवडा पुढे गेली असती. कोणती कार्डे बदलणार हे सांगितले नाही तरी चालेल, तारीख तरी कळावी.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पॅचच्या आधीच्या तीस दिवसांत ज्यांनी ते बंडल घेतले, त्यांना ७९९ रुपये परत करावेत, किंवा त्यांच्या सर्व तीस कार्डांची बनवण्याची पूर्ण किंमत क्रिस्टलमध्ये द्यावी. यातले काय घ्यायचे ते घेणाऱ्याने ठरवावे. ज्यांनी कार्डे बनवली होती त्यांना त्या लेजेंडरी स्पेलवर आणि सोबतच्या दोन्ही एपिकवर पूर्ण परतावा मिळावा. रेअर कार्डे इतर डेकमध्ये थोडीफार चालतात, त्यांचा आग्रह आम्ही धरत नाही. परताव्याची मुदत एकवीस दिवसांची करून ती भारतीय वेळेत दाखवावी आणि या पॅचसाठी पुन्हा उघडावी. नोट्समध्ये प्रत्येक बदललेल्या कार्डाचा जुना आणि नवा आकडा, जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी द्यावा. हिंदी मजकूर लगेच दुरुस्त करावा. ज्या बंडलमधील कार्ड बदलायचे ठरले आहे, ते बंडल बदल ठरताच दुकानातून काढावे.

यातले काही अशक्य नाही. हार्थस्टोन या डिजिटल कार्ड गेममध्ये नर्फ झालेले कार्ड ठरावीक मुदतीत तोडल्यास बनवण्याची पूर्ण किंमत मिळते, ही पद्धत आपणही घेतलीच आहे. तिची व्याप्ती थोडी वाढवायची आहे.

कार्डे बदलण्याचा हक्क कंपनीने करारात राखून ठेवला आहे, असे आपले उत्तर असेल तर त्याचाही विचार आम्ही केला आहे. बदलण्याच्या हक्कावर आक्षेप नाही. आक्षेप माहिती दडवून विक्री करण्यावर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये कलम २(११) खाली संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हे सेवेतील त्रुटी म्हणून धरले आहे, आणि ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांची खरेदी-विक्रीही येते. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून आम्ही आपापल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाऊ. तक्रारदार जिथे राहतो तिथेच दाद मागण्याची सोय कायद्यात आहे आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.

बंडलच्या पावत्या, दुकानातील जाहिरातीचे दिनांकासह स्क्रीनशॉट आणि बंद केलेल्या तिकिटांचे क्रमांकही पत्रासोबत आहेत. उत्तर प्रत्येक खातेदाराच्या तिकिटावर स्वतंत्रपणे आणि माणसाने लिहिलेले मिळावे, ही विनंती.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील खेळाडू