त्या कमेंटबद्दल

सोन्या,

फोन केला की तू "आई, नंतर करतो" म्हणतोस, म्हणून लिहूनच पाठवतेय, पूर्ण वाच.

परवा मामाच्या सईने मला एक रील दाखवलं. बारा-तेरा वर्षांची मुलगी नेटमध्ये बॅटिंग करतेय, कव्हर ड्राइव्ह इतका सुंदर की मी परत परत बघितला, आणि खाली कमेंट, "जा पोळ्या लाट". वर तुझं नाव, तुझा तोच गणपतीतला फेट्याचा फोटो, आणि बायोमध्ये कॉलेजचं नावसुद्धा. आधी राग आला. मग भीती वाटली.

इंग्लंडचा बॉलर ऑली रॉबिन्सन आठवतोय ना, 2021 मध्ये लीड्सला दुसऱ्या डावात आपल्या 5 विकेट काढल्या होत्या त्याने? त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड्सवर त्याचा पहिला टेस्ट सामना होता आणि पहिल्याच दिवशी त्याचे 2012-13 चे जुने ट्वीट कोणीतरी वर काढले, वंशावरून, बायकांवरून काहीबाही लिहिलेलं. तेव्हा तो अठरा-एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आत्ता तू आहेस तेवढाच. त्या मॅचमध्ये 7 विकेट घेतल्या, 42 रन काढले, पण पहिल्याच दिवशी संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर माफी मागावी लागली आणि पुढच्या टेस्टला बाहेर बसवलं. नंतर परत खेळला, पण पदार्पण म्हटलं की लोकांना त्या 7 विकेट आधी आठवत नाहीत रे.

तू मागे सांगत होतास, लिंक्डइनवर पर्सनल ब्रँड बनवतोय म्हणून. बनव की, चांगलंच आहे, तुझं ते सोलर पंपाचं प्रोजेक्ट टाक, काय बिघडलं आणि कसं दुरुस्त केलं तेही लिही, अशा गोष्टी माणसं खरंच वाचतात. पण आमच्या ऑफिसात सीव्ही आला की आमची पोरं आधी गुगलवर नाव टाकतात हे मी रोज बघते. गेल्या वर्षी एक मुलगा टेस्टमध्ये सगळ्यात पुढे होता आणि त्याच्या उघड्या प्रोफाइलवर शिव्या सापडल्या म्हणून त्याला इंटरव्ह्यूलाच बोलावलं नाही, त्याला कारणही कळलं नाही. मी तिथेच होते आणि गप्प बसले, ते मला अजून टोचतं.

तर आज रात्री ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे प्रायव्हेट विंडोमध्ये स्वतःचं नाव शोध, सोबत कॉलेजचं आणि शहराचं नाव टाकूनही बघ. अकरावीत उघडलेलं ते दुसरं अकाउंट असेल तर तेही. फेसबुकच्या सेटिंगमध्ये जुन्या सगळ्या पोस्ट एकदम फक्त मित्रांपुरत्या करता येतात, ते करून टाक. कोणी स्क्रीनशॉट काढला असेल तर तो काही आपल्या हातात नाही.

आणि ती कमेंट नुसती डिलीट करून गप्प बसू नकोस. त्या मुलीचं अकाउंट तिचे बाबा चालवतात असं वर लिहिलंय, त्यांना मेसेज कर, तुझ्या नावानेच. "मजेत लिहिलं होतं" असलं काही नको, "पण" तर अजिबात नको. मी चूक केली, तिची बॅटिंग छान आहे, तिला सॉरी सांगा, एवढंच. पाठवलास की मला कळव, मी जागी आहे.

आई