आई-बाबा, पदवीच्या रकान्याबद्दल

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर व्हिसाचा विषय निघाला की बाबा गप्प होतात आणि आई, तू दुसरंच काहीतरी बोलायला लागतेस. म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. पुन्हा शंका आली तर पुन्हा वाचता येईल.

जर्मनीतल्या कंपनीचा करार हातात आहे. तुमच्या मनात अडकलेला प्रश्न मला कळतो: पदवी नसताना तिथलं सरकार हिला येऊ देईल कसं? आणि बाबांचा त्यापुढचा प्रश्न: मधे कुणी एजंट फसवत तर नाही ना?

एजंट कुणीही नाही. ही वाट कायद्यातच आहे. जर्मनीत कुशल परदेशी कामगारांसाठी ‘ब्लू कार्ड’ नावाचा परवाना असतो. तो पूर्वी पदवीधरांनाच मिळायचा. नोव्हेंबर 2023 पासून आयटीत काम करणाऱ्यांना तो पदवीशिवायही मिळू शकतो. त्यासाठी गेल्या सात वर्षांत निदान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, आणि ते काम पदवीधराच्या तोडीचं असावं लागतं. नोकरीचा करार कमीत कमी सहा महिन्यांचा हवा. पगारालाही खालची मर्यादा आहे, ती दर वर्षी बदलते. 2025 साली ती वर्षाला 43,759.80 युरो होती. माझा पगार मर्यादेच्या वर आहे. शिवाय तिथली सरकारी रोजगार संस्था नोकरी तपासते. बाहेरून आलेल्या माणसाला तिथल्या माणसापेक्षा कमी पैशात राबवून घेतलं जाऊ नये, म्हणून. बाबा, फसवणुकीची भीती वाटते तेव्हा ही तपासणी लक्षात ठेवा. ती माझ्या बाजूची आहे.

म्हणजे ‘पदवी नाही’ हे लपवायचंच नाहीये. अर्जात पदवीच्या रकान्यात जे खरं आहे तेच लिहिलं आहे. आता सिद्ध काय करायचं, तर इतकी वर्षं मी जे केलं ते काम काय दर्जाचं होतं. खरी मेहनत तिथे आहे.

नोकरी सोडताना मिळालेलं पत्र पुरेल, असं तुम्हाला वाटत होतं. ते पुरत नाही. त्यात असतं एवढंच: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत या आमच्याकडे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होत्या, पुढील वाटचालीस शुभेच्छा. हे वाचून व्हिसा अधिकाऱ्याला काय कळणार? त्याच हुद्द्यावर कुणी दिवसभर पासवर्ड बदलून देतं, तर कुणी अख्ख्या कंपनीची यंत्रणा उभी करतं. पदवी असली की अभ्यासाचा दर्जा विद्यापीठाने ठरवून दिलेला असतो. माझ्या बाबतीत तो पत्रातल्या वाक्यांवरून ठरणार आहे.

म्हणून सविस्तर पत्रं मिळवली. कंपनीचं लेटरहेड, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क, नोकरी पूर्णवेळ होती की नाही, तारखा, आणि मुख्य म्हणजे कामाचं वर्णन. ‘सर्व्हरची देखभाल केली’ असं लिहिलं तर ते मेकॅनिकचं काम वाटतं. तेच काम असं लिहिता येतं: ‘कंपनीची जुनी यंत्रणा क्लाउडवर हलवण्याचा आराखडा यांनी तयार केला, काम बंद न पाडता ते टप्प्याटप्प्याने कसं करायचं हे यांनी ठरवलं, डेटा हरवल्यास तो परत मिळवण्याची पद्धत यांनी घालून दिली, नव्या सहकाऱ्यांना यांनी शिकवलं.’ यातला शब्दही वाढवलेला नाही. आराखडा आखणं, निर्णय घेणं, दुसऱ्याला शिकवणं, यांतूनच कामाची पातळी कळते, आणि साध्या पत्रात नेमकं तेच गळून जातं.

एका जुन्या कंपनीने असं पत्र द्यायला साफ नकार दिला. नियमाप्रमाणे तारखा आणि हुद्दा एवढंच देतो, म्हणाले. मला फार राग आला. माणसाने वर्षानुवर्षं केलेलं काम ज्यांनी पाहिलं, त्यांनी ते कागदावर उतरवायला तयार नसावं, हा मला अन्याय वाटतो. मग मी तिथल्या माझ्या वरिष्ठांना फोन केला. ते आता दुसरीकडे आहेत, तरी त्यांनी आपल्या नावावर, आपल्या सहीने सगळं लिहून दिलं. कंपनीच्या पत्रातून तारखा आणि त्यांच्या पत्रातून काम, अशी दोन्ही जोडून लावली आहेत. सोबत त्या काळातल्या पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे आणि पगारातून कापलेल्या कराची प्रमाणपत्रं. कागद एकमेकांशी जुळायला हवेत: पत्रातली तारीख, स्लिपमधला महिना, खात्यात जमा झालेली रक्कम. एकट्या पत्रावर शंका घेता येते, पाच कागद तेच सांगत असतील तर अवघड जातं.

बाबा, ही पत्रं मागताना मला सारखी तुमची आठवण येत होती. यंत्राच्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते तुम्ही सांगायचात. इंजिनिअर तुम्हाला विचारायला यायचे. निवृत्त झालात तेव्हा नोकरीच्या दाखल्यावर तुमचा हुद्दा आणि वर्षं एवढंच होतं. तुम्हाला काय येतं हे सगळ्या कारखान्याला माहीत होतं, पण लिहून कुणीच ठेवलं नाही. माझ्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

आणि आता जे तुम्ही कधी बोलत नाही, त्याबद्दल. बाबांचं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी कॉलेज सोडून नोकरी धरली. तुम्हाला वाटतं, तुमच्यामुळे माझं शिक्षण राहिलं. तो निर्णय माझा होता, मी पूर्ण विचार करून घेतला होता, आणि आज तीच वेळ आली तरी तोच घेईन. मी शिकायची थांबले नाही. कामावर शिकले, रात्री जागून शिकले, माझ्याहून जाणत्या माणसांच्या शेजारी बसून शिकले. हे ओझं आता खाली ठेवा. मला तुम्ही दोघं हसतखेळत हवे आहात.

आई, तू विचारलंस की पहिल्या नोकरीची कंपनी तर बंद पडली, मग तिथलं पत्र कुठून आणणार. जर्मनीसाठी त्याची गरज नाही, कारण ते गेली सातच वर्षं पाहतात आणि ती नोकरी त्याआधीची आहे. जपानचा विचार केला असता तर अडचण आली असती. तिथे अभियंत्याच्या व्हिसासाठी पदवी नसेल तर साधारणपणे दहा वर्षांचा अनुभव लागतो, आणि तो जिथे जिथे काम केलं तिथल्या दाखल्यांनी सिद्ध करावा लागतो. त्या विषयाच्या शिक्षणाची वर्षं त्यात धरतात, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. आयटीवाल्यांना ठरावीक परीक्षा पास होऊनही या अटीतून सूट मिळते. अमेरिकेच्या एच-1बी व्हिसाचा हिशेब आणखी वेगळा: कॉलेजच्या एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा अनुभव, म्हणजे चार वर्षांच्या पदवीला बारा वर्षं. ब्रिटनमध्ये आधी नोकरीचा दर्जा पाहतात. जुलै 2025 पासून नव्या अर्जांसाठी तो बहुतेक कामांत पदवीच्या पातळीचा लागतो, पण माणसाच्या हातात पदवी असलीच पाहिजे असं त्यात नाही. हे सगळं वाचून मगच मी जर्मनी धरलं. घाईघाईत ठरवलेलं नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.

दादासाठी एक निरोप. ब्लू कार्डची ही सवलत फक्त आयटीला आहे. पण त्याच्याकडे दोन वर्षांच्या प्रशिक्षणाचं सरकारमान्य प्रमाणपत्र आहे. मार्च 2024 पासून जर्मनीत दुसरी एक सोय झाली आहे: आपल्या देशात मान्य असलेलं निदान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव असेल, तर ते प्रशिक्षण जर्मनीत मान्य करून न घेताही नोकरी करता येते. पगाराची अट त्यालाही आहे. नर्सिंगसारख्या व्यवसायांना हे लागू नाही, तिथे मान्यता घ्यावीच लागते. त्याला म्हणावं, आत्तापासून प्रत्येक नोकरीतून सविस्तर पत्र घेत जा. काम सोडल्यावर वर्षांनी मागितलं की माणसं बदललेली असतात.

आता काकांनी सुचवलेल्या गोष्टीबद्दल. मागच्या तारखेची पदवी ‘करून देणारा’ कुणी त्यांच्या ओळखीचा आहे म्हणे. काकांचा हेतू चांगला आहे, मला माहीत आहे, पण हा विषय कायमचा बंद करा. विद्यापीठाकडे एक चौकशी गेली की खोटा कागद उघडा पडतो. व्हिसाच्या अर्जात फसवणूक सापडली तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं, ब्रिटन दहा वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेत ती बंदी आयुष्यभराची असू शकते. पण शिक्षा नसती तरी मी हे केलं नसतं. एक खोटा कागद लावला की माझ्या खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. इतक्या वर्षांचं काम मी त्यापायी घालवणार नाही.

व्हिसा मिळेलच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. अधिकाऱ्याला कामाची पातळी पटली नाही तर तो आणखी कागद मागेल किंवा नाकारेल. नाकारला तर कारण समजून घेऊन कमी पडलेलं पत्र मिळवीन आणि पुन्हा अर्ज करीन. तेव्हा घरात सुतक असल्यासारखं बसायचं नाही, एवढं आत्ताच कबूल करा.

तुमच्याकडून दोन कामं हवी आहेत. आई, कपाटात वरच्या कप्प्यात तू माझी फाईल ठेवली आहेस. त्यात दुसऱ्या नोकरीचं नेमणुकीचं पत्र आणि पगारवाढीची पत्रं असतील. बढतीचं पत्र सापडलं तर फार उपयोग होईल, कारण जबाबदारी केव्हा वाढली ते त्यावरून दिसतं. बाबा, प्रत्येक पानाचा फोटो उजेडात, चारही कोपरे दिसतील असा काढून पाठवा. मूळ कागद माझ्याकडे पाठवू नका, मी येईन तेव्हा घेईन. त्यांवर पेनाने काही लिहू नका आणि लॅमिनेट तर मुळीच करू नका.

रविवारी सकाळी फोन करते. तोपर्यंत जे प्रश्न सुचतील ते लिहून ठेवा. कितीही छोटा वाटला तरी विचारा.

तुमची,
लेक