‘साभार’ म्हटलं की संपलं?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत आवडत्या पात्रांची चित्रं काढून ‘घरबसल्या कमाई’ कशी करावी, हे शिकवणारा लेख वाचला. लेख चुरचुरीत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘मूळ निर्मात्याला श्रेय द्या, म्हणजे कायदेशीर अडचण येत नाही’ ही त्यातली सूचना छापण्याआधी कुठल्या वकिलाला दाखवली होती का? दाखवली असेल तर वकील बदला. नसेल तर निदान आज चौकटीत दुरुस्ती येईल म्हणून सकाळी अंक उलटापालटा करून पाहिला. दुरुस्ती नाही. राशिभविष्य मात्र अर्ध्या पानाचं झालंय.

हेच वाक्य गेल्या वर्षी आमच्या घरात ऐकलं होतं, म्हणून एवढं लागलं. माझी पुतणी चित्रकला शिकते. हात चांगला आहे, काका म्हणून सांगत नाही. एका परदेशी कार्टूनमधल्या पात्रांना तिने नऊवारी नेसवली, फेटे बांधले, एकाच्या हातात ताशा दिला. घरात सगळे खूश. मग मैत्रिणींनी डोक्यात भरवलं आणि कप, कीचेन, स्टिकर असा संसार सुरू झाला. दिवाळीच्या प्रदर्शनात टेबल लावलं, पुढे ऑनलाइन दुकान उघडलं. प्रत्येक चित्राखाली मूळ कंपनीचं नाव आणि ‘कॉपीराइटभंगाचा हेतू नाही’ असं बारीक अक्षरात न चुकता लिहिलेलं.

आधी दुकानाचं पान बंद झालं आणि अडकलेले पैसे तिथेच अडकले. पाठोपाठ दिल्लीच्या वकिलांची नोटीस. विक्री ताबडतोब थांबवा, आजवरच्या विक्रीचा हिशेब द्या, उरलेला माल नष्ट करा, पुन्हा करणार नाही असं लिहून द्या. पोरगी नोटीस हातात धरून म्हणत होती, “अहो काका, पण मी खाली त्यांचं नाव लिहिलंय ना!” भाऊ घाबरून विचारतोय की पोलीस येतील का. आणि वहिनींचं वेगळंच, की चांगले धड कप फोडायचे कसे. शेवटी फोडले. अंगणात गोणपाटावर ठेवून फोडले आणि तुकड्यांचे फोटो वकिलांना मेल केले. उत्तर लिहून देणाऱ्या आमच्या वकिलाची फी त्या सगळ्या कपांच्या कमाईपेक्षा जास्त झाली, हे तुमच्या लेखातल्या ‘अतिरिक्त उत्पन्ना’च्या तक्त्यात कुठे बसतं ते सांगा.

तेव्हा मी 1957 चा कॉपीराइट कायदा काढून वाचला. नक्कल करण्याचा आणि रूपांतर करण्याचा हक्क मालकाचा. कलम 52 मध्ये सूट आहे ती खासगी वापराला, अभ्यासाला, टीका-समीक्षेला वगैरे. ‘आम्हाला फार आवडतं म्हणून’ अशी सूट काही सापडली नाही. नाव लिहिणं वेगळं आणि विचारणं वेगळं. शेजाऱ्याची स्कूटर त्याच्या नावाची पाटी लावून भाड्याने दिली, तर तो काय हार घालायला येणार आहे?

आणि पैशाचा मुद्दा, जो लेखातून साफ गायब आहे. कलम 63 खाली कॉपीराइटभंगाला 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल, तर कारण नोंदवून शिक्षा कमी करायची मुभा न्यायाधीशाला आहे. म्हणजे पोरं वहीत चित्रं काढतात, एकमेकांना दाखवतात, तोवर बहुतेक कंपन्या काणाडोळा करतात. किमतीची चिठ्ठी चिकटवली की गोष्ट बदलते. त्यात 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि जामीन हक्काने मिळत नाही. कीचेन विकणाऱ्या मुलीला कुणी बेड्या घालत नाही, मान्य. पण नोटिशीत ते कलम वाचल्यावर घरात दोन घास कुणाच्या गळ्याखाली उतरत नाहीत.

लेखिकाबाईंनी जपानचा दाखला दिलाय, की तिथे चाहत्यांच्या चित्रकथांचे मेळे भरतात. भरतात, टोकियोत 1975 पासून भरतात. पण त्याच जपानात एका चाहत्याने डोरेमॉनचा स्वतःच्या कल्पनेतला ‘शेवटचा भाग’ काढला, 13 हजारांच्या आसपास प्रती खपल्या, आणि प्रकाशकांनी त्याला गाठलं. 2007 मध्ये माफी मागून नफ्यातला वाटा द्यावा लागला. अमेरिकेतल्या एकाने तर ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनच्या कथेचा पुढचा भाग लिहून विकायला काढला आणि वर टोल्किनच्या वारसांवरच दावा ठोकला. दावा फेटाळला गेला, प्रती नष्ट करायचा हुकूम झाला आणि समोरच्यांच्या वकिलांचे 1 लाख 34 हजार डॉलर त्याच्याच बोकांडी बसले.

एवढ्या लांब कशाला, कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या एका पूजा समितीने 2007 साली हॅरी पॉटरच्या शाळेसारखा मंडप उभारला, तर पॉटरची लेखिका आणि चित्रपट कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. 20 लाखांची मागणी होती. समिती नफ्यासाठी काही करत नव्हती. न्यायालयाने उत्सव होईपर्यंत मंडप राहू दिला, पण पुढे परवानगीशिवाय नको म्हणून बजावलं. आपल्याकडच्या देखावेवाल्या मंडळांनीही हे वाचायला हरकत नाही.

बरं, टी-शर्टवर पु. लं.ची वाक्यं छापा हा सल्ला कुणाचा? पु. ल. 2000 मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क चालतो, म्हणजे 2060 अखेरपर्यंत थांबा किंवा रीतसर परवानगी घ्या. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं लेखन 2011 पासून मोकळं आहे. असं एखादं कोष्टक दिलं असतंत तर पोरांच्या उपयोगी पडलं असतं. पण कोष्टकाला मेहनत लागते.

पूर्वी आपल्याकडे बुधवारी कायद्याचा कॉलम यायचा, तो का बंद केलात हेही या निमित्ताने विचारून ठेवतो.

आता आणखी एक. त्याच लेखासोबत रंगीत चित्र होतं, एक परदेशी सुपरहिरो ढोल वाजवतोय. खाली लिहिलंय, ‘चित्र : इंटरनेटवरून साभार’. हे इंटरनेट नावाचे चित्रकार राहतात कुठे? ते चित्र कुण्या पोराने किंवा पोरीने रात्र जागून काढलं असेल. त्याला तुम्ही विचारलं नाहीत, सुपरहिरोच्या मालकांना तर नाहीच नाही, आणि अंकाची किंमत मात्र माझ्याकडून पूर्ण घेतलीत. पुतणीने निदान कंपनीचं नाव तरी खरं लिहिलं होतं.

हे पत्र छापाल तर कृपया कायद्याचा परिच्छेद जागेअभावी कापू नका, आणि लेख होता त्याच पुरवणीत छापा. सोबत त्या ढोलवाल्या चित्राच्या चित्रकाराचं नाव शोधून छापा. त्याला मानधन दिलं असेल, तर आकडा नाही सांगितलात तरी चालेल.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज