रामदासपेठेतल्या डॉक्टर मॅडमना पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी महालातली पोळीभाजी केंद्रवाली. उजवा खांदा आखडलेला, त्यात डायबेटिस, आणि "एक इंजेक्शन मारून मोकळं करा" असा हट्ट धरून बसलेली. आता अंबाडा माझा मी घालते, वरच्या फळीवरचा डबाही काढते. त्याबद्दल आभार मानायचेच आहेत, पण त्याहून जास्त तुमच्या समजावण्याबद्दल.

फ्रोझन शोल्डर मधुमेहींना जास्त होतो, हे तुमच्याकडेच कळलं. तोवर सगळीकडे "वय झालं" एवढंच ऐकलं होतं. सुईच्या आधी तुम्ही शुगरचा रिपोर्ट मागितला. स्टेरॉइडनं साखर काही दिवस चढते, म्हणून घरी मोजत राहायला सांगितलंत. चढलीच, पण आधी ठाऊक असल्यानं घाबरगुंडी उडाली नाही.

सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पांढऱ्या रेघेसारखी आत सरकताना दिसत होती. भुलेचं औषध मिसळलेलं, त्यामुळे जिना उतरतानाच खांदा हलका वाटला. रात्री असा ठणकला की विचारू नका! "भूल उतरेल, स्टेरॉइडला काही दिवस लागतील, मधे बर्फ लावा, पण ताप आला किंवा सांधा लाल-गरम झाला तर लगेच या," हे तुम्ही कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद फ्रिजवर चिकटवला होता.

सासूबाई म्हणायच्या, "काय करून राहिली तू? सुईनं हाड झिजते." तुम्ही त्यांना हसण्यावारी नेलं नाही. गुडघेदुखीच्या रुग्णांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टेरॉइड दिलं, तेव्हा नुसतं सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, टोचलेल्यांपेक्षा त्यांची कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) जास्त झिजली आणि दुखणं काही जास्त कमी झालं नाही, हा २०१७ साली छापून आलेला अमेरिकेतला अभ्यास त्यांना मराठीत सांगितलात. म्हणूनच सुई मोजून द्यायची, हे त्यांना पटलं. (सासूबाईंना काही पटणं म्हणजे काय, हे आमच्या घरात विचारा.)

गुडघ्यात पीआरपी घ्यायचं माझ्या डोक्यात होतं. आपलंच रक्त काढून, यंत्रात फिरवून, प्लेटलेट्सचा भाग परत टोचायचा. शेजारच्या काकूंनी घेतलेलं. २०२१ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत वर्षभरानं ते सलाईनपेक्षा सरस ठरलं नाही, हे सांगून तुम्ही म्हणालात, "आधी मांडीचे व्यायाम करा, पैसे राहू द्या." स्वतःच्या गल्ल्यात येणारे पैसे असे कोण परत पाठवतं?

आणि फिजिओथेरपीवाल्या ताईंनाही नमस्कार सांगा. दुखणं उतरलेल्या त्या आठवड्यांत त्यांनी रोज बोटांनी भिंत चढायला लावली. खडूची खूण रोज थोडी वर. चुकवलं की फोन यायचा.

एक विनंती: तुमच्या जिन्याच्या मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवा ना. गुडघेवाले तिथंच अडतात. खुर्ची मी पाठवते, जागा तेवढी सांगा.

आपली,
महालातली पोळीभाजीवाली