पाळी यायच्या आधीच

सातारा

प्रिय वैशाली,

मनूला अकरावं लागलंय, छाती दिसू लागलीय. आता पाळीची तयारी सुरूच कर. मनूसारख्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलींना पाळी साधारण इतर मुलींच्याच वयात येते, त्यामुळे ‘हिला उशिराच येईल’ यावर विसंबू नकोस.

रक्त म्हणजे लागलं, एवढंच तिला ठाऊक आहे. म्हणून पहिल्या वेळी अशा मुली फार घाबरतात. तू पॅड बदलतेस तेव्हा तिला जवळ उभं राहू दे. ‘लागलेलं नाही, पाळी आहे,’ हे वाक्य दर वेळी तेच. संध्याकाळी अर्धा तास कोरडं पॅड लावून बघ, हळूहळू वेळ वाढव. मग पॅडवर चमचाभर लाल पाणी टाकून ‘आता बदलायचं’ हे दाखव.

बदलणं शेवटाकडून शिकव. आधी सगळं तू कर, फक्त हात धुणं तिचं. ते जमलं की वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून डब्यात टाकणं तिचं, मग निकर वर घेणं, मग नवं पॅड चिकटवणं. काम दर वेळी तिच्याच हातून पुरं होतं, म्हणून ती टिकून राहते. चिकट बाजू अंगाकडे लावणं ही हमखास होणारी चूक. निकरच्या आत मार्करने पॅडचा आकार काढून ठेव. पॅडची कंपनी बदलू नकोस. ‘ओलं झालं’ असं ती सांगेल म्हणून थांबू नकोस. उठल्यावर, मधल्या सुट्टीत, घरी आल्यावर, झोपताना बदलायचंच.

ती स्वतःच्या अंगाला हात लावत असेल तर ओरडू नकोस. ‘हे आपल्या खोलीत, दार लावून,’ म्हण आणि तिथे ने. ‘बाथरूममध्ये चालतं’ असं मात्र शिकवू नकोस. ती शाळेचं स्वच्छतागृहही त्यातच धरेल, आणि तिथे कुणीही गैरफायदा घेऊ शकतं.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. या मुलांना आपण दिवसभर ऐकायला शिकवतो. पाहुणे आले की ‘काकांना पापी दे’, नको म्हटलं तरी अजून एक घास. मग नको त्या हाताला ती ‘नाही’ कुठून म्हणणार? वेणी घालताना ‘नको’ म्हणाली तर थांब, मग विचारून घाल. आणि ‘शूची जागा’ पुरत नाही. योनी, स्तन हे शब्द तिला हवेत, म्हणजे काही घडलं तर डॉक्टरांना, पोलिसांना नेमकं सांगता येईल. तशी शंका आली तर १०९८ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन कर. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारकच आहे.

‘गर्भाशयच काढून टाका, म्हणजे पाळीही नको आणि दिवस जायची भीतीही नको’ असंही कुणी सुचवेल. १९९४मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात अशीच काढली गेली होती. त्याने अत्याचार थांबत नाही, गर्भ राहत नसल्याने उलट तो लपतो. अंडाशय राहिले तर संप्रेरकांचे चढउतारही चालूच.

तिला दुखलेलं सांगता येत नसेल तर चिडचिड, जेवण टाकणं, फिट येणं हे सगळं कालनिर्णयवर लिहीत जा. काहींना पाळीच्या आसपास फिट वाढतात. मिरजेच्या डॉक्टरांकडे जाताना ती पानं ने.

पॅड बदलण्याच्या एकेका पायरीची चित्रं पाठवते. एक संच न्हाणीघरात लाव, एक शाळेतल्या ताईंना दे. वाक्यं दोन्हीकडे तीच हवीत.

तुझी,
सुषमा