'गेले' म्हणजे कुठे गेले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निघताना 'येतो' म्हणण्याबद्दलचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही. लेखकांचं म्हणणं असं की, कोशात असेल तोच अर्थ धरावा, बाकी सगळा भोंगळपणा. नारळ 'वाढवणं', बांगडी 'वाढवणं', निरांजन 'शांत होणं', सगळीच त्यांच्या मते अंधश्रद्धा. त्यांचा अभ्यास मोठा असेल, पण त्यांना कधी पहाटे दवाखान्यातून फोन आलेला नसावा.

12 वर्षांपूर्वी मला आला. वडील पुण्याच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात होते, भाऊ त्यांच्याजवळ होता. कागदावर नंबर माझा होता. पहाटे पावणेपाचला तिकडून एक माणूस म्हणाला, "6 नंबरचे पेशंट गेले. सामान घेऊन जा." आणि फोन ठेवला. आई देवापाशी वात करत बसली होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं. हातातला कापूस तसाच धरून ती भिंतीला टेकली. रडलीसुद्धा नाही. भावाचा फोन लागेना. वीस मिनिटांनी लागला तेव्हा समजलं, तब्येत सुधारली म्हणून बाबांना साध्या वॉर्डात हलवलं होतं, त्यांची पिशवी तेवढी खाली राहिली होती.

पुण्यात पोचल्यावर मी त्या माणसाला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "मी चुकीचं काय बोललो? गेलेच होते ना." कोशात बघितलं तर त्याचं बरोबरच होतं! कालच्या लेखात मला तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं, म्हणून हे पत्र.

'गेले' हा शब्द कचेरीतून आला तर साहेब जेवायला गेले असतील. तोच पहाटे दवाखान्यातून आला तर त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो ऐकणाऱ्याला शिकवावा लागत नाही. रेडिओपाशी 'वाढवा' म्हटलं की आवाज मोठा होतो, देवळात म्हटलं की नारळ फुटतो. चार वर्षांचं पोरही त्यात गोंधळत नाही. आमच्या शेजारच्या कन्नड मावशी निघताना 'होगि बरतीनि' म्हणतात, म्हणजे जाऊन येते. गोव्याची माणसं 'येतां' म्हणून उठतात. एवढी सगळी माणसं भोंगळ कशी असतील? मागे राहणाऱ्याच्या जिवाला घोर लागू नये म्हणून 'जातो' गिळायचं, ही समजूत ज्याने भाषेत आणली त्याला माझा नमस्कार आहे. त्या पहाटेनंतर आमच्या घरात 'जाते' म्हणून कुणी उंबरठा ओलांडला नाही. बाबा पुढे सात वर्षं होते, दळण आणायला निघाले तरी 'येतो गं' म्हणायचे.

जाता जाता तुमच्याविषयीही. गेल्या आठवड्यात तुम्ही एका जुन्या अभिनेत्याचा फोटो छापून वर मोठ्या अक्षरांत 'घेतला निरोप' असं शीर्षक दिलंत. खालच्या बारीक मजकुरात, तेही चौथ्या ओळीत, कळलं की त्यांनी मालिका सोडली आहे. माझ्या 81 वर्षांच्या आईला बारीक अक्षर दिसत नाही. तिने फोटोला हात जोडले आणि मला फोन करून विचारलं, "कधी गं गेले?" शीर्षकात 'मालिकेचा' हा एक शब्द घालायला जागा नव्हती का? पुढच्या वेळी तेवढा घाला.

आपली,
एक वाचक, सोलापूर