गृहमंत्री साहेब, आमची वस्ती डेंजर आहे, पण कुणासाठी?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय: आमच्या गल्लीत फोडलेल्या १७ गाड्या आणि कुलूप लावलेली पोलीस चौकी

माननीय साहेब, सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात राहते. पहाटे चारला उठून कणीक भिजवते, दोन ऑफिसचे डबे आणि एक मेस मिळून रोज दीडशे पोळ्या जातात माझ्या हातच्या. मिस्टर रिक्षा चालवतात, पोरगा बारावी कॉमर्सला आहे. वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, का ते पुढे कळेलच. कामाच्या माणसाचा वेळ घ्यायचा नाही म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं, पण आता लिहायला बसले तर थोडक्यात होईल असं वाटत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते.

गेल्या रविवारी रात्री, म्हणजे घड्याळात दीड वाजून गेला होता, आमच्या गल्लीत तीन गाड्यांवरून आठ-नऊ पोरं आली. ट्रिपल सीट, तोंडाला रुमाल, हातात कोयते. साहेब, कोयता डांबरी रस्त्यावर घासत नेला की कसा आवाज येतो ते तुम्ही ऐकलंय का कधी? आधी तो आवाज येतो, मग शिव्या, मग काचा. आम्ही लाइट बंद करून बसलो. मिस्टर दाराकडे निघाले तर मी त्यांचा शर्ट मागून असा धरला की बटणं तुटली, कारण रिक्षा परत घेता येईल, नवरा कुठून आणू? पाच-सात मिनिटांचा खेळ, १७ गाड्या फोडल्या, त्यात आमची रिक्षा. पुढची काच गेली, हूड वरपासून खालपर्यंत फाडलं, मीटर ठेचला. कुणाशी भांडण नव्हतं, कुणाला शोधत आले नव्हते, "इथले भाई आम्हीच" एवढं सांगायचं होतं म्हणे.

सकाळी पोळ्यांची कणीक तशीच ठेवून मी त्यातला एक गोळा घेऊन रिक्षात बसले आणि सीटच्या शिवणीतला काचेचा चुरा टिपत राहिले. झाडूने तो निघत नाही, कणकेला चिकटतो. तास गेला. गोळा पार चमकायला लागला, आणि तरी मिस्टरांच्या तळहातात दुसऱ्या दिवशी एक कण घुसलाच.

पोलिसांना फोन केला होता. गाडी पाऊण तासाने आली, वस्तीच्या कमानीपाशी थांबली, आतल्याने टॉर्च मारला आणि "सकाळी या" म्हणून गेली. सकाळी गेलो तर हवालदार म्हणाले, ताई, नुकसान लाखाच्या आत आहे, एनसी होईल, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. १७ गाड्यांचं नुकसान सगळं मिळून किती होतं ते कोणी मोजलं नाही, प्रत्येकाला वेगळं उभं केलं आणि प्रत्येकाला एनसीचा एक-एक कागद दिला. माझी भाची लॉ कॉलेजला आहे, ती म्हणाली मावशी, हत्यार घेऊन दहशत माजवली तर आर्म्स अ‍ॅक्ट लागतो, ते दखलपात्रच आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची तक्रार आली तर एफआयआर घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ लाच सांगितलंय. मी हे बोलून दाखवलं तर मला उत्तर मिळालं, "मग कोर्टातच जा ना." विमावाला म्हणतो एफआयआरची कॉपी आणा. हवालदार म्हणतात एनसीवर भागवा. रिक्षा सहा दिवस उभी, कर्जाचा हप्ता काही उभा राहत नाही.

आता साहेब, माझं खरं म्हणणं इथे सुरू होतं. तुमची माणसं भाषणात सांगतात की पुणं सुरक्षित शहर आहे. मान्य, कागद तसंच सांगतो. एनसीआरबी म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारं सरकारी खातं, त्याच्या २०२२ च्या अहवालात २० लाखांवर लोकसंख्येच्या १९ शहरांमध्ये कमी गुन्ह्यांत कोलकात्याखालोखाल पुण्याचा नंबर होता, लाखामागे गुन्हे कोलकात्यात ८६.५ आणि पुण्यात २८०.७. पण हा आकडा फक्त दखलपात्र गुन्ह्यांचा आहे! एनसी त्यात येत नाही. म्हणजे रविवारच्या रात्री आमच्या गल्लीत काहीच झालं नाही. १७ गाड्या फुटल्या, एका म्हातारीचं बीपी वाढून तिला रात्रीच दवाखान्यात न्यावं लागलं, लहान पोरं आठवडाभर लाइट लावून झोपतायत, आणि तुमच्या आकड्यात शून्य. आमच्या गल्लीत आठ महिन्यांत ही तिसरी वेळ, तिन्ही वेळेला एनसी. अशा किती गल्ल्या असतील पुण्यात? लोक विचारतात या वस्त्या खरंच किती डेंजर आहेत, याचं उत्तर कुणाकडेही नाही, कारण मोजणाऱ्याने मोजायचंच नाही असं ठरवलंय. आणि तरीही बाहेरच्या प्रत्येकाला उत्तर पाठ आहे.

त्या उत्तराची किंमत आम्ही रोज भरतो. पार्सलवाला आत येत नाही, "कमानीपाशी या" म्हणतो. रात्री दहानंतर रिक्षावाले वस्तीचं नाव ऐकून मान हलवतात, माझा नवरा स्वतः रिक्षावाला असून! रिक्षाच्या कर्जासाठी बँकेत गेलो, सगळे कागद बरोबर, सिबिल बरोबर, आणि पत्ता बघून साहेब म्हणाले एरिया निगेटिव्ह आहे. शेवटी पतसंस्थेतून जास्त व्याजाने घेतलं, ती हीच फुटलेली रिक्षा. नणंदेच्या पोरीचं स्थळ पत्त्यावरून मोडलं. म्हणून वर वस्तीचं नाव लिहिलं नाही, अजून एकदा छापून यायला नको.

खोटं कशाला बोलू, वस्ती डेंजर आहे. पण कुणाला? बाहेरून येणाऱ्याला इथे कोणी हात लावत नाही, माझ्याकडे डबा न्यायला येणारा कर्नाटकातला मुलगा चार वर्षं येतोय, त्याचा साधा रुमाल गेला नाही. धोका आम्हाला आहे, जे इथे झोपतात त्यांना. आणि सगळ्यात जास्त धोका १५ ते १८ वयाच्या पोरांना, दोन्ही बाजूंनी. भाई लोकांना पोरं हवीत कारण अल्पवयीन सुटतो लवकर. पोलिसांना पण पोरंच सापडतात. मागच्या कोंबिंगच्या, म्हणजे पोलिसांच्या झडतीच्या वेळी माझ्या मुलाला क्लासहून येताना उचललं, का तर वस्तीतला आहे आणि केस वाढवलेत. चार तास बसवलं. दोन कानाखाली मारल्या, फोन उघडून गॅलरी बघितली, अकाउंटन्सीच्या वहीचे फोटो होते त्यात. सोडताना "पुन्हा दिसू नको" म्हणाले. तो राहतो इथे साहेब, तो दिसणारच! त्यानंतर पंधरा दिवस तो क्लासला गेला नाही, आणि मंडळाच्या ओट्यावर बसणारा एकजण, जो दोन वर्षं तडीपार असायला हवा होता आणि महिन्यात परत आलाय, तो माझ्या पोराला म्हणाला, "बघ, सरळ राहून काय मिळालं?" या वाक्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमच्याकडे असेल तर सांगा.

आणि मग तुम्ही पकडलेल्या कोयतेवाल्याची धिंड काढता. दोरीने बांधून, लंगडत, त्याच गल्लीतून फिरवता. लोक टाळ्या वाजवतात, मी पण एकदा वाजवल्या, खोटं नाही बोलणार. पण संध्याकाळी त्याच धिंडीचं रील झालं होतं, मागे गाणं लावून, आणि खाली बारकी पोरं बदाम टाकत होती. त्याची आई माझ्याकडून पोळ्या नेते, ती महिनाभर खाली मान घालून गेली. कोयतेवाल्याला लाज वाटली नाही, आईला वाटली.

२७ जून २०२३ ला सदाशिव पेठेत भरदिवसा एका मुलीच्या मागे कोयता घेऊन माणूस धावला, स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी जिवावर उदार होऊन तिला वाचवलं. सदाशिव पेठ निगेटिव्ह एरिया झाली का? १९ मे २०२४ ला कल्याणीनगरात १७ वर्षांच्या पोराने पोर्शेखाली दोन माणसं मारली, काही तासांत जामीन, अट काय तर ३०० शब्दांचा निबंध. कल्याणीनगरला कर्ज बंद झालं का? फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटला उभ्या शिवशाहीत बाईवर बलात्कार झाला, पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर. या सगळ्यात पकडला जातो तो एकटा माणूस. आमच्याकडे काही झालं की अख्खी वस्ती पकडली जाते. कल्याणीनगरातल्या कुठल्या पोराला क्लासहून येताना केस वाढवले म्हणून उचललंय ते मला दाखवा.

माझे सासरे १९७२ च्या दुष्काळात बार्शीकडून आले. त्याच्याही आधी १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठची हजारो घरं गेली, तेव्हापासूनच लोकांना शहराच्या कडेकडेला ढकलत आणलंय. सासऱ्यांनी या शहराच्या ड्रेनेजलाइन खोदल्या. आमच्या घरापर्यंत ती लाइन यायला १९९० च्या पुढचं साल उजाडलं. मग म्हणता वस्तीत गुंड तयार होतात. महापालिकेत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हता, दिवा गेला तरी सांगायचं कुणाला? त्या चार वर्षांत दिवा लावून दिला कोणी, तर भाईने. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर त्याच भाईच्या शेजारी कुणाकुणाचे फोटो असतात ते तुमच्या खात्याला दिसत नाहीत असं मी मानत नाही, सगळ्या पक्षांचे असतात, मी एकाचं नाव घेत नाही.

आणि आता चौकी. कमानीच्या आत पत्र्याची एक पोलीस चौकी आहे. पाच महिन्यांपूर्वी नागरिकांशी संवाद म्हणून कार्यक्रम झाला, खुर्च्या मांडल्या, चहा दिला, मोठे अधिकारी आले आणि सगळ्यांसमोर बोलले की महिन्याभरात चौकी रात्रीची सुरू होईल, दोन माणसं बसतील, गल्लीत कॅमेरे लागतील. मी स्वतः उठून विचारलं होतं, नक्की ना साहेब? नक्की, म्हणाले. कॅमेरा एक लागला, त्याचं तोंड मेन रोडकडे. चौकीला तेच कुलूप आहे, त्याला गंज चढलाय, आणि शटरवर फ्लेक्स आहे वाढदिवसाचा. शहरात २०२४ ला सात नवीन पोलीस ठाणी झाली, आंबेगाव, नांदेड सिटी, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ. झाली ते चांगलंच झालं, तिथल्या लोकांनाही गरज आहे. पण सात ठाणी बांधणाऱ्या सरकारला एक कुलूप उघडता येत नाही हे मी माझ्या पोराला कसं समजावू?

मला मोठं काही नको. त्या रात्रीच्या १७ गाड्यांचा एकत्र पंचनामा करून एफआयआर घ्या. चौकी रात्री उघडी ठेवा, आतला माणूस आमच्या ओळखीचा होऊ द्या, त्यालाही कळू द्या कोण क्लासहून येतंय आणि कोण कोयता घेऊन. एनसी किती झाल्या ते वस्तीवार जाहीर करा, लपवू नका. आणि वस्तीचा पत्ता बघून कर्ज नाकारायची ही जी पद्धत आहे ती तुमच्या खात्याची नाही हे मला माहितीये, पण मंत्रिमंडळात तुमच्या शेजारीच कोणीतरी बसत असेल, त्यांच्या कानावर घाला.

काल रिक्षा दुरुस्त होऊन आली, नवं हूड, नवी काच, १४ हजार गेले, त्यातले नऊ उसने. तेव्हापासून माझा मुलगा रात्री रिक्षात झोपतोय. मी नको म्हटलं, तर म्हणाला, आई, पप्पांना सकाळी गाडी चालवायचीय, मी झोपतो. पांघरूण घेऊन, पाय बाहेर, पुस्तक उशाला. बारावी तोंडावर आलीये. आता मी साडेतीनलाच उठते, कणकेच्या आधी खाली जाऊन त्याला बघते. रात्री गाड्यांचा आवाज आला की माझ्या पोटात गोळा येतो, आणि साहेब, तो आवाज कोयतेवाल्यांचा आहे का पोलिसांच्या गाडीचा, यातलं कुठलं झालं तर जास्त भ्यायचं हे मला आता ठरवता येत नाही. चौकी उघडा, म्हणजे पोरगा वर येऊन झोपेल.

आपली,
पुण्याच्या एका वस्तीतली पोळ्या करणारी बाई